पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलांच्या कॉलेजात पालकांनी किती लक्ष घालावं?

कोलशेतची आई
मुलाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष नेरुळला सुरू झालंय. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने रोज जातो-येतो. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार! उद्या पहिलं लेक्चर किती वाजता, जर्नलला कुठल्या रंगाचं कव्हर, मेकॅनिक्सचं ट्युटोरियल कधीपर्यंत द्यायचं, हे सगळं तिथे आईवडील विचारतात. परवा एका वडिलांनी मुलाची एका दिवसाची हजेरी लागली नाही म्हणून थेट मॅडमना फोन केला. अहो, मुलाला मतदानाचा हक्क मिळालाय!

माझं मत स्पष्ट आहे. कॉलेजच्या कामात पालकांनी पडू नये. रेल्वे पासाच्या कन्सेशनसाठी ऑफिसच्या खिडकीशी उभं राहणं, परीक्षेचा फॉर्म मुदतीत भरणं, सरांकडे जाऊन ‘मला हे कळलं नाही’ म्हणणं, पहिल्या वर्षात हे शिकायचंच असतं. बारावीपर्यंत क्लासवाल्यांनी बोट धरून चालवलं, टेस्टचे मार्क संध्याकाळी आईच्या मोबाइलवर. ती सवय मोडायची कधी? ७५ टक्के हजेरीचा नियम त्याला माहीत आहे. डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत, नाव आलं तर त्याने निस्तरावं. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहून पुन्हा द्यावा लागला, तरी मला चालेल. पहिल्या वर्षाची केटी सुटते, पण स्वतःचं काम स्वतः करायची सवय नंतर लागत नाही.

मुरबाडकर
ताई, हे शहरातल्या शिकलेल्या घरात ठीक आहे. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी ही पहिलीच मुलगी, तीही मराठी माध्यमातली. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज भरायचा तर उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचे कागद, आधारला जोडलेलं बँक खातं, सगळं लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलला मलाच काढावा लागतो. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाली. एक कागद राहिला आणि अर्ज परत आला, तर त्यातून ती काय शिकणार? घरात फक्त टेन्शन.

वाशीची प्राध्यापिका
शिकवते नवी मुंबईतच, म्हणून लिहिते. कागदपत्रांचं मुरबाडकरांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण फोनचं काय होतं ते सांगते. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, शेवटच्या फेरीत आलेली मुलं वर्गात येतात तेव्हा अभ्यास पुढे गेलेला असतो. नव्या मुलांसाठीचं सुरुवातीचं इंडक्शनही हुकलेलं असतं. ओळखी नाहीत, नोट्स नाहीत. अशा मुलाने नुसतं दाराशी येऊन ‘मॅडम, दोन मिनिटं?’ म्हटलं, की पुढचं मी बघते. कुणाच्या मागच्या नोट्स द्यायच्या, कुठल्या बॅचला बसवायचं, सगळं जमतं. त्याच्याऐवजी वडिलांचा फोन आला की दुसऱ्या दिवशी तो माझी नजर चुकवतो. मग अडलंय कुठे हे मला कळतच नाही. गणितात, इंग्रजीत, की डबा एकट्याने खावा लागतो म्हणून?

घणसोलीचा काका
‘त्याने निस्तरावं’ हे वाचून राग आला, स्पष्टच सांगतो. माझा पुतण्या इथे पीजीत राहायचा. पहिल्या सेमिस्टरला दोन महिने कॉलेजात गेलाच नाही. खोलीत पडून राहायचा आणि घरी फोनवर ‘सगळं मस्त’ म्हणायचा. डिफॉल्टर लिस्ट लागली, कॉलेजातून फोन आला, तेव्हा आम्हाला कळलं. तो फोन आला नसता तर? रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्यासोबत पालकांकडूनही दरवर्षी घेतात, ते उगाच नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमातच ते आहे. अठरा पूर्ण झाली म्हणून मूल एका रात्रीत मोठं होत नाही. कुणाचं मूल असं गप्प झालं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर जवळ ठेवा. फोनला पैसे पडत नाहीत.

कोलशेतची आई
काका, मुलाकडे लक्ष देऊ नका असं मी कुठे म्हटलं? जेवतोय का, झोपतोय का, मित्रांची नावं तोंडात येतात का, हे आईने बघायचंच. जर्नलच्या कव्हरचा रंग आईने विचारायचा नाही, एवढंच. तुमच्या पुतण्याची गोष्ट वेगळी आहे आणि गंभीर आहे. पण तिथे पालकांच्या ग्रुपचा काय उपयोग झाला असता?

सेकंड इयरवाली, ऐरोली
काकू बरोबर बोलतायत. मागच्या वर्षी माझ्या आईला माझे मार्क माझ्याआधी कळायचे. ग्राफिक्सच्या शीटची नळकांडी छातीशी धरून, ती चेपू नये म्हणून ठाण्याच्या गाडीत कोपऱ्यात अंग चोरून उभं राहायचं, आणि ऐरोलीला उतरेपर्यंत आईचा मेसेज, ‘१५ पैकी ६ का?’ मग मी घरी काही सांगणंच सोडून दिलं. लॅबमध्ये माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, हेसुद्धा तिला सांगितलं नाही. ती ग्रुपमधून बाहेर पडली तेव्हा मीच हळूहळू बोलायला लागले.

मुरबाडकर
बाळा, तुझं पटलं. मार्कांचं मी विचारणार नाही. पण ग्रुप नाही सोडणार. माझी मुलगी पहाटेच्या एसटीने कल्याणला येते, तिथून ठाणे, तिथून गाडी बदलून कोपरखैरणे. पावसात गाड्या बंद पडल्या आणि कॉलेजने सुट्टी दिली, तर ती वाटेत असते आणि अर्ध्या वाटेवर तिला रेंज नसते. मॅडम, तेवढी सुट्टीची सूचना आदल्या रात्री टाकता येईल का?