जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड: इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि थोडं ब्लेंडर

रेघोट्या
नमस्कार मंडळी. माझा डेस्कटॉप २०१४ साली सुटे भाग आणून जुळवलेला आहे. आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, विंडोज १०. एसएसडी नंतर बसवली. ग्राफिक्स कार्ड कधी लावलंच नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच आजवर भागवलं.

काम पॅकेजिंगचं आणि मुखपृष्ठांचं. दिवसभर इलस्ट्रेटर, मधूनमधून फोटोशॉप. हल्ली ग्राहकांना खोका-बाटली हातात घेतल्यासारखी दिसायला हवी असते, म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरची जरा जुनी आवृत्ती टाकून शिकतेय. त्रास दोन आहेत. इलस्ट्रेटरमध्ये मोठी फाइल झूम केली की चित्र तुकड्यातुकड्यांनी उमटतं. आणि ब्लेंडरमध्ये एका बाटलीच्या रेंडरला, म्हणजे शेवटचं चित्र तयार व्हायला, चाळीस मिनिटं लागतात.

कुठलं कार्ड घेऊ? ओळखीतले एनव्हिडियाचं जुनं १०५० टीआय सुचवतायत. अख्खं मशीन बदलणं आत्ता शक्य नाही.

जुनाखोका
एनव्हिडियाचंच १६५० घ्या, डोळे मिटून. वेगळी पॉवर केबल न लागणारी मॉडेलं मिळतात. माझ्याकडे चार वर्षं बिनतक्रार चालू आहे.

सरळरेषा
डोळे मिटण्याआधी पाच मिनिटं उघडे ठेवा, ताई. तुमचे दोन त्रास दोन वेगळ्या जागी आहेत.

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर जा, ते बाजूला ठेवा आणि जी फाइल अडते तीच झूम करा. तुमच्या प्रोसेसरला चार कोर आहेत. झूम करताना सीपीयूचा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास चिकटून बसला, तर बघणाऱ्याला वाटतं मशीन रिकामं आहे. प्रत्यक्षात एक कोर मरमर मरतोय आणि तिघे बसून आहेत. तिथे कार्ड फारसं काही करणार नाही. मेमरीचा आकडाही बघा.

ब्लेंडरचं उलट. सायकल्सचा (ब्लेंडरमधलं रेंडर करणारं इंजिन) रेंडर आत्ता सगळा प्रोसेसरवर चाललाय, तो कार्डावर गेला की फरक आपोआप कळेल.

१०५० टीआय मात्र आता नको. ते २०१६ चं. त्या पिढीला एनव्हिडिया आता नवे ड्रायव्हर देत नाही, फक्त सुरक्षेपुरते देते. शिवाय त्या नावाने बनावट कार्डं भरपूर फिरतात: आत जुनी चिप, वरून बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नाव नवं. कुणाकडून जुनं घेतलंच तर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका, ते बरेचदा अशी कार्डं ओळखून नावापुढे तसं लिहितं.

बारापिना
मी आधी एसएमपीएसबद्दल, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, विचारीन. कार्डाचा विषय त्याच्यानंतर. मशीन बंद करा, झाकण काढा, एसएमपीएसच्या अंगावरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरांत छापलेल्या वॅटवर जाऊ नका. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते सांगा. आणि सहा किंवा आठ पिनांची मोकळी पीसीआय-ई केबल (कार्डाला वेगळी वीज देणारी) लोंबतेय का तेही.

रेघोट्या
@सरळरेषा, अगदी तस्संच! सीपीयू २५-२६ वर थिजला. मेमरी ७.५ जीबी भरलेली, आणि ब्राउझर तर मी बंद केला होता.

@बारापिना, स्टिकरवर ठळक ४५० वॅट. खाली +१२ व्होल्ट: १६ अँपिअर. मोकळी केबल नाही. आत इतकी धूळ निघाली की लाज वाटली.

बारापिना
बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच बारा व्होल्टवर जगतात, म्हणून तुमचा खरा आकडा हा, ४५० नाही. प्रोसेसरचे ८४, कार्डाचे ७५ धरले तर कागदावर बसतं. पण दहा वर्षं उन्हाळे काढलेले कपॅसिटर कागद वाचत नाहीत. कुठलंही कार्ड घ्या, एसएमपीएस नवा घ्या. ८० प्लस ब्राँझवाला (हा वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), खरा ४५०चा. पुढच्या मशीनलाही चालेल.

खडूफळा
एसएमपीएस बदलणारच असाल तर एनव्हिडियाचं ३०६० का नको? १२ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, आहे. ब्लेंडरमध्ये सीन व्हीरॅममध्ये मावला नाही तर रेंडर रखडतो किंवा बंदच पडतो. मोठ्या टेक्स्चरला जागा लागतेच.

सरळरेषा
मुद्दा खरा आहे. पण ३०६० ला १७० वॅट लागतात, म्हणजे ४५० वरून ५५० वर जाणं आलं, आणि तेवढी लांबी कॅबिनेटमध्ये मावते का ते मोजणं आलं. वर्षभरात मशीन बदलणार असाल तर जरूर घ्या, कार्ड उचलून नव्यात लावता येईल. एका बाटलीसाठी आणि चार खोक्यांसाठी मी घेणार नाही.

माझं मत ३०५०, ६ जीबीवालं. ७० वॅट, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतं. १६५० पेक्षा बरं अशासाठी की यात रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा हिशोब करणारे) कोर आहेत आणि सायकल्ससाठी ऑप्टिक्स हा एनव्हिडियाचा पर्याय निवडला की ते कामाला लागतात. १६५० मध्ये ते नाहीतच, व्हीरॅमही ४ जीबीच. एकच सांभाळा: ३०५० या एकाच नावाने दोन कार्डं विकली जातात. ८ जीबीवालं १३० वॅटचं आहे, त्याला केबल लागते. खोक्यावर ६ जीबी वाचूनच घ्या.

कुणी एएमडीचं आरएक्स ६४०० सुचवलं तर नको म्हणा. कार्ड वाईट नाही, पण ते पीसीआय-ईच्या (कार्ड आणि बोर्डामधला माहितीचा रस्ता) चारच लेनवर चालतं आणि एच८१ बोर्डाचा स्लॉट जुन्या, हळू २.० आवृत्तीचा आहे. हमरस्त्यावरून बोळात शिरल्यासारखं होतं. ३०५० आठ लेनवर चालतं. रेंडरमध्ये सीन एकदा चढला की फार ये-जा नसते, त्यामुळे तुम्हाला जाणवणार नाही.

आणि इलस्ट्रेटरसाठी रॅम. तुमच्या बोर्डाला दोनच खाचा, जास्तीत जास्त १६ जीबी. ८-८ च्या दोन सारख्या लावा.

वेक्टरवेडी
इलस्ट्रेटरवरच पोट आहे म्हणून एक फुकटचा उपाय. सावल्या आणि ग्लो वापरता ना? इफेक्ट मेनूमध्ये डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज आहे, त्यांचं रिझोल्यूशन तिथे ठरतं. तिथे ३०० असेल तर काम करताना ७२ करा आणि छपाईला देताना न विसरता परत ३००. मी एकदा विसरले होते. सावलीचे चौकोन मोजता येत होते, आणि आधी मोजले ते ग्राहकाने. फोटोही एम्बेड न करता लिंक ठेवा.

बारापिना
कार्ड लावण्याआधी मदरबोर्डची शेवटची बायोस आवृत्ती टाकून घ्या. काही जुन्या बोर्डांवर नवं कार्ड लावलं की पडदा काळाच राहतो. आणि मॉनिटरची केबल कोणती आहे?

खडूफळा
विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर ११ च्या अधिकृत यादीत नाही, हेही लक्षात असू द्या. म्हणून बोर्ड-प्रोसेसरवर आता छदामही घालू नका. एसएमपीएस आणि कार्ड पुढे नेता येतात, डीडीआर३ रॅम नाही.

रेघोट्या
तीन आठवड्यांनी कळवतेय, क्षमस्व.

रॅम १६ जीबी केली, डीडीआर३ असली तरी. रास्टर इफेक्ट ७२ वर आणले. तेवढ्यानेच इलस्ट्रेटर माणसात आला, तेव्हा कार्ड आलंही नव्हतं. मग एसएमपीएस आणि ३०५० (६ जीबी, तीनदा वाचून).

लावल्यावर पडदा काळा. बायोस आधीच टाकलेली, म्हणून घाम फुटला. मग मागे वाकून पाहिलं तर मॉनिटरची निळी व्हीजीए केबल मदरबोर्डलाच, दोन्ही स्क्रू घट्ट आवळून! बारापिनांनी केबल विचारली होती ती याचसाठी. कार्डाला व्हीजीए नाहीच. मॉनिटरला डीव्हीआय होतं, एचडीएमआय ते डीव्हीआय केबल आणली.

ब्लेंडरने परत चाळीस मिनिटं घेतली. रडायचीच बाकी होते. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली ऑप्टिक्स निवडून कार्डापुढे खूण केली होती, पण रेंडरच्या पानावर डिव्हाइस सीपीयूच राहिलं होतं. दोन्हीकडे करावं लागतं. केलं. तीच बाटली, पावणेतीन मिनिटं. पंखा किती जोरात फिरतोय हे बघायला खाली वाकले तर वर येईपर्यंत झाकण रंगून तयार.

इलस्ट्रेटरमध्ये कार्डामुळे मात्र किंचितच फरक. झूम थोडं गुळगुळीत झालं. अवजड फाइल अजून २५ टक्क्यांवर थिजते.

जुनाखोका
हे सगळं वाचून आत्ताच माझं झाकण उघडलं. +१२ व्होल्ट: १४ अँपिअर. चार वर्षं बिनतक्रार म्हणालो ते मागे घेतो.