गृहसंस्थेच्या इंग्रजी सूचनेत ‘हिज’ लिहावे की ‘देअर’?

ऐरोलीकर_सचिव

ऐरोलीतील आमच्या गृहसंस्थेत मराठीबरोबरच तमिळ, मल्याळी आणि गुजराती कुटुंबे राहत असल्याने फलकावरील सूचना इंग्रजीत लावाव्या लागतात आणि त्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. वाहने लावण्याविषयीच्या सूचनेत मी ‘एव्हरी मेंबर मस्ट पार्क हिज व्हेइकल इन द अलॉटेड स्लॉट’ असे वाक्य लिहिले होते. कोणीतरी त्यातील ‘हिज’ पेनाने खोडून वर ‘देअर’ असे लिहून ठेवले. कार्यकारिणीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी ‘एव्हरी’ एकवचनी असल्याने ‘देअर’ अशुद्ध आहे असे ठामपणे सांगितले, तर दुसऱ्या सभासद बाईंनी, निम्मी वाहने बायकांच्या नावावर असताना ‘हिज’ कशासाठी, असा प्रश्न केला. माझ्या मते दोघांचेही म्हणणे टाकाऊ नाही, म्हणूनच मी अडलो आहे.

याच विषयातील आणखी एक शंका विचारतो. माझ्या आठवीतल्या मुलाने आजोबांवरील इंग्रजी निबंधात ‘माय ग्रँडफादर आर अ रिटायर्ड पोस्टमन, दे लिव्ह इन कळवा’ असे लिहिले. त्याच्या मित्रांच्या बोलण्यात तर ‘प्रिया अँड हिज ब्रदर’ असे सर्रास ऐकू येते. तृतीयपुरुषी सर्वनामांचा हा घोळ नेमका कोठून येतो, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

नौपाडा_इंग्रजी_शिकवणी

आधी मुलांकडे वळतो, कारण तुमच्या सूचनेचे उत्तरही त्यातूनच निघेल. इंग्रजी शब्द मी अवतरणचिन्हांत लिहितो, नाहीतर त्यांचा पुल्लिंगी ‘ही’ आणि आपली स्त्रीलिंगी ही यांची गाठ पडून वाचणारा गोंधळेल.

मराठीत लिंगाची माहिती सर्वनामाबरोबर क्रियापदही देते. तो गेला, ती गेली, ते गेले, असे आपण म्हणतो, आणि घाईत सर्वनाम गाळले तरी ‘गेली’ एवढ्यावरून कोण ते कळते. इंग्रजीत ‘वेंट’ सर्वांना एकच असल्याने लिंगाचा सगळा भार ‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’ या तीन शब्दांवर पडतो; तेथे चुकले की सावरणारे दुसरे काही वाक्यात उरत नाही.

आता ‘प्रिया अँड हिज ब्रदर’. ही चूक मराठीतून आलेली नाही. नवी मुंबईतील मुले वर्गात आणि मैदानावर आपसांत हिंदी बोलतात आणि हिंदीत ‘उसका भाई’ म्हणताना ‘उसका’ हे रूप भावाच्या लिंगाप्रमाणे ठरते. ज्याचा भाऊ तो मुलगा की मुलगी, हे त्यातून कळतच नाही. भाऊ पुल्लिंगी म्हणून मूल ‘हिज’ म्हणून मोकळे होते. मराठीतील ‘तिचा भाऊ’ या रूपात मात्र दोन्ही गोष्टी आहेत: ‘ति’ प्रियाकडे पाहते आणि ‘चा’ भावाकडे. इंग्रजीला यातला फक्त पहिला अर्धा भाग लागतो. त्यामुळे मी मुलांना सांगतो की वाक्य मनात मराठीत म्हणा, ‘त्या’ आले तर ‘हिज’ आणि ‘ति’ आले तर ‘हर’, पुढचा चा-ची-चे विसरून जा. मराठी घरातल्या मुलांना एवढे पुरते. हिंदीतून विचार करणाऱ्यांना मात्र प्रत्येक वेळी ‘कोणाचा?’ हे थांबून विचारावे लागते.

आजोबांचे ‘दे’ अस्सल मराठी वळणाचे आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना आदरार्थी बहुवचन लागते. इंग्रजीच्या तृतीय पुरुषात ती सोयच नाही. आजोबा असोत वा राष्ट्रपती, एक पुरुष म्हणजे ‘ही’ आणि क्रियापद ‘इज’. म्हणून इंग्रज असभ्य होते असे नव्हे. समोर हजर असलेल्या बाईंचा उल्लेख नाव न घेता नुसत्या ‘शी’ने करणाऱ्या मुलाला तेथील जुनी माणसे ‘हू इज शी, द कॅट्स मदर?’ असे विचारून दटावत. म्हणजे आदर त्यांनाही हवा असतो. तो नावातून आणि संबोधनातून दाखवायचा.

राहिला ‘देअर’. जिन्यात कोणाचीतरी छत्री सापडली, तर आपण ‘कोणीतरी छत्री विसरून गेले आहे’ असे म्हणतो. विसरणारा पुरुष की स्त्री हे ठाऊक नसल्याने मराठी भाषा ‘गेला’ही म्हणत नाही आणि ‘गेली’ही म्हणत नाही. इंग्रजी हेच काम ‘दे’कडून करून घेते: ‘समबडी हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’. हा वापर चौदाव्या शतकापासून लिखित इंग्रजीत आढळतो, त्यामुळे त्याला आजकालचे फॅड म्हणता येणार नाही. पुढे अठराव्या शतकापासून व्याकरणकारांनी त्यावर आक्षेप घेतले आणि आपल्या शाळांपर्यंत ते आक्षेपच पोहोचले. एकवचनी व्यक्तीला अनेकवचनी शब्द कसा, असे विचारणाऱ्यांनी ‘यू’कडे पाहावे. तेही मूळचे अनेकवचन. आज एकट्या माणसालाही आपण बिनदिक्कत ‘यू आर’ म्हणतो. तसेच येथेही ‘दे आर’ म्हणावे, ‘दे इज’ नव्हे.

कायदा_आणि_कागद_ठाणे

ज्येष्ठ सभासदांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. ‘ही’मध्ये स्त्रियाही धरायच्या, ही कायद्याच्या भाषेतील जुनी रीत आहे. ब्रिटिश संसदेने 1850 च्या कायद्यात ती नोंदवली, आपल्याकडे 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 8 मध्ये ती आली आणि कायद्यांतील शब्दांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 13 मध्येही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ‘ही’ हे सर्वनाम कायम ठेवले. मात्र त्यात पुरुष आणि स्त्री यांच्याबरोबर तृतीयपंथी व्यक्तीही येतात, असे स्पष्टपणे लिहिले आहे. तेव्हा ‘हिज’ लिहून तुम्ही कोणताही नियम मोडलेला नाही. परंतु कायद्याला स्वतःच्या शब्दांची व्याख्या आरंभी देऊन ठेवता येते, लिफ्टशेजारच्या फलकाला तशी सोय नसते. तेथे वाचणारा जसे वाचेल तोच अर्थ.

महापे_रोजची_लोकल

कार्यालयातील इंग्रजीत हा प्रश्न दररोज येतो, कारण ईमेलवर माणूस दिसत नाही. किरण आणि शीतल ही नावे आपल्याकडे मुलामुलींना सारखीच ठेवली जातात, आणि परदेशातील ‘अँड्रिया’ इटलीचा असेल तर बहुधा पुरुष निघतो. अशा वेळी अंदाजाने ‘ही’ ठोकून देण्यापेक्षा ‘किरण सेज दे विल कॉल’ असे लिहिलेले बरे, किंवा नावच पुन्हा घ्यावे. काही जण सहीखाली आपली सर्वनामे लिहितात, आणि स्वतःसाठी कायम ‘दे’ सांगणाऱ्या व्यक्तीही असतात. मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशाने हा अर्थ 2019 मध्ये नोंदवला. ज्याने सांगितले आहे त्याच्याबाबतीत तरी तर्क करण्याची गरज उरत नाही.

मला याहून जास्त अडचण दुसऱ्याच ठिकाणी येते. ‘द वॉचमन गेव्ह द ड्रायव्हर हिज फोन’ या वाक्यात फोन कोणाचा? मराठीत पहारेकऱ्याचा असेल तर ‘आपला फोन दिला’ आणि चालकाचा असेल तर ‘त्याचा फोन दिला’, असा भेद सहज करता येतो. इंग्रजीत एक तर ‘हिज ओन’ लिहावे लागते किंवा सरळ ‘द ड्रायव्हर्स फोन’. गृहसंस्थेच्या तक्रारवहीत यावरून भांडण व्हायला वेळ लागणार नाही.

ऐरोलीकर_सचिव

सर्वांचे आभार. ‘हिज ऑर हर’ हाही पर्याय बैठकीत आला होता, पण तीन ओळींत तो चार वेळा वाचावा लागल्यावर सुचवणाऱ्यांनीच मागे घेतला. आता पुढची सूचना कुत्र्यांविषयी आहे. ‘द ओनर मस्ट कीप इट ऑन अ लीश’ या वाक्यातील ‘इट’ वाचून एक लॅब्रडॉरवाले सभासद नाराज झाले आहेत. त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे का?

नौपाडा_इंग्रजी_शिकवणी

अर्धे तथ्य आहे. घरातल्या, नाव ठेवलेल्या प्राण्याला इंग्रजीत ‘ही’ किंवा ‘शी’च म्हणतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना ‘इज ही वेल?’ असे अवश्य विचारावे. सूचना मात्र कोणत्याही कुत्र्याविषयी असल्याने तेथे ‘इट’ बिनचूक आहे. उलट काही वस्तूंना ‘शी’ म्हणण्याची प्रथाही होती आणि तीही बदलते आहे: जहाजांना परंपरेने ‘शी’ म्हणणाऱ्या लंडनच्या लॉइड्स लिस्ट या जहाजवाहतूकविषयक वृत्तपत्राने 2002 मध्ये ‘इट’चा स्वीकार केला.

तुमच्या दोन्ही सूचनांवर एकच उपाय सुचवतो: कर्ता अनेकवचनी करा. ‘ऑल मेंबर्स मस्ट पार्क देअर व्हेइकल्स इन द अलॉटेड स्लॉट्स’ आणि ‘डॉग्ज मस्ट बी केप्ट ऑन अ लीश’. पहिल्यात ज्येष्ठ सभासदांना व्याकरणाची चूक सापडणार नाही आणि बाईंनाही आक्षेप उरणार नाही. दुसऱ्यात तर सर्वनामच नाही. फलक लावताना ‘देअर’चे स्पेलिंग मात्र तपासून घ्या, कारण स्थळ दाखवणारा ‘देअर’ उच्चाराला तसाच असला तरी त्याची अक्षरे वेगळी आहेत, आणि तुमच्याकडे पेन घेऊन फिरणारा वाचक आहेच.