रोख पाकिटांचा घरखर्च: फोनवरून दिलेले पैसे कुठल्या पाकिटात धरायचे?

नमस्कार मंडळी, आम्ही भांडुपला राहतो. आम्ही दोघं, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. घराचा हप्ता, मेंटेनन्स, वीजबिल खात्यातून जातं, त्याची चिंता नाही. बाकीच्या खर्चासाठी मी पगार झाला की रोख काढून पाकिटं करते: किराणा, भाजी-फळं, रिक्षा, औषधं, किरकोळ.

भाजीचं पाकीट सासूबाईंकडे असतं. आल्या की त्याच्याच पाठीवर पेन्सिलीने लिहितात, ‘मेथी २०, लिंबं १०’, आणि खाली शिल्लक. आठवडा संपायच्या आत पाकीट पातळ झालं की त्या आपणहून कडधान्य भिजत घालतात. स्कॅन करून पैसे देत होतो तेव्हा ही जाणीव कोणालाच नव्हती. म्हणून ही पद्धत मला सोडायची नाही.

अडचण मिस्टरांच्या खर्चाची आहे. ते येताना स्टेशनबाहेर फळं घेतात, कधी दूध, आणि फोनवरून पैसे देतात. खात्यातले पैसे जातात, पाकिटातले तसेच राहतात, आणि शिल्लक खोटी दिसते. तेवढी रोख मी ‘बँक’ लिहिलेल्या पाकिटात काढून ठेवायला लागले आहे, पण १४० रुपये काढायचे तर सुट्टे कुठून आणायचे? एटीएममधून बहुतेक पाचशेच्याच नोटा येतात. आणि रोज संध्याकाळी नवऱ्याकडे हिशोब मागणं बरं वाटत नाही.

तुम्ही हे कसं बसवता? शिवाय गणपती आणि जूनमधल्या वह्या-पुस्तकांची रक्कमही घरातच रोख ठेवता का?

प्रतिसाद

ताई, आमच्याकडे हाच घोळ होता. मिस्टरांना यूपीआय लाइट, म्हणजे फोनच्या पेमेंट ॲपमध्येच थोडे पैसे आधी भरून ठेवायची सोय, सुरू करून द्या. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात आणि एका वेळी १,००० पर्यंतच देता येतात, म्हणजे तेच त्यांचं पाकीट. महिन्याची ठरलेली रक्कम टाका आणि भाजीच्या पाकिटात तेवढी कमी भरा, मग रोज विचारायला नको. आपोआप भरण्याची सोय मात्र बंद ठेवा, नाहीतर ते पाकीट कधी रिकामंच होणार नाही.

सुट्ट्यांसाठी पगारानंतर बँकेच्या काउंटरवरून पैसे काढा आणि शंभर-पन्नासच्या नोटा मागून घ्या. गणपतीचे पैसे घरात ठेवू नका, अडीनडीला पहिला हात तिथेच जातो. बँकेत दरमहा ठरावीक रक्कम भरायचं छोटं आरडी काढा.