चिपिंग: पोपडे, टवके की खपल्या?

अर्धविराम
विज्ञानकथेतल्या यंत्रांची मॉडेलं रंगवणाऱ्यांसाठी चार पानी मराठी टिपण करतोय. मॉडेल माशिनेन क्रिगर या जपानी विज्ञानकथा-मालिकेतलं, अंगावर घालायचं यांत्रिक चिलखत, माप १/२०. तळाला गडद तपकिरी, वर मळकट पांढरा. चिपिंगसाठी, म्हणजे वरचा रंग जागोजाग उडून खालचा दिसावा यासाठी, "वरच्या रंगाचे पोपडे काढा" असं वाक्य होतं. तपासणाऱ्याने 'पोपडे' खोडून 'टवके' केलं आणि समासात "पोपडे भिंतीचे!" एवढाच शेरा मारला. कुणाचं बरोबर? आणि 'वेदरिंग'ला, म्हणजे मॉडेल वापरून जुनं झालेलं दाखवण्याला, 'विदारण' चालेल का?

ओली भिंत
तपासणाऱ्याचं. पोपडा आतून सुटतो: ओल येते, रंग फुगतो, मग गळतो. टवका बाहेरून उडतो, काहीतरी आपटल्यावर. कपाचा टवका, इनॅमलच्या थाळीचा टवका. चिलखत लढाईत आपटतं, त्याला ओल लागत नाही. 'विदारण' भूगोलाच्या पुस्तकात राहू द्या, तो खडकांचा शब्द.

दोन हात
एवढी घाई नको. हेअरस्प्रेची पद्धत असेल तर कृती बघा. तपकिरी रंगावर लॅकर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, एक हात, तो पूर्ण वाळू द्यायचा, शक्यतो एक दिवस. मग हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, वीसेक मिनिटं वाळवणं. त्यावर टामिया कंपनीचा ॲक्रिलिक पांढरा, पाण्यात साधारण निम्मा-निम्मा पातळ केलेला, एअरब्रशने, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय ठेवून. तासाभराच्या आत कोमट पाण्याने ब्रश ओला करून जागा भिजवायची, अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग आखूड ताठ केसांच्या ब्रशने टोचायचं. पाणी रंगातून झिरपतं, मधला हेअरस्प्रे विरघळतो आणि रंग आतून सुटतो. आता सांगा, हा पोपडा नाही तर काय?

ओली भिंत
कृती पोपड्याची, रूप टवक्याचं. शब्द रूपाला द्यायचा. नाटकात गालावर जखम रंगवतात तिला जखमच म्हणतात, कुणी रंगाचा डाग म्हणत नाही.

दोन हात
नाटकात प्रेक्षक असतो, टिपणात करणारा. "टवके उडवा" वाचून नवखा सुरी घेऊन खरवडत बसेल आणि थेट प्लास्टिकला भिडेल.

कोरडा ब्रश
दोघेही एकाच पद्धतीत अडकलात. स्पंजने करताना काहीच निघत नाही, उलट रंग *लागतो*. पॅकिंगमधल्या फोमचा बोराएवढा तुकडा कात्रीने कापायचा नाही, चिमट्याने फाडायचा. कापलेल्याची कड सरळ येते आणि ठसे एकसारखे पडतात. रंगात बुडवून कागदावर टिपायचा, जवळजवळ कोरडा होईपर्यंत. मग फक्त कडा, झाकणाभोवती आणि हात-पाय लागतात तिथेच टेकवायचा. आधी त्या मळकट पांढऱ्याहून उजळ ठसे, त्यांच्या पोटात बारीक ब्रशने काळपट, म्हणजे रंगाच्या थराला जाडी दिसते. यातलं काय 'काढलं'? इथे "टवके उठवा" म्हणावं लागेल.

शुद्धलेखक
'उठवा' चालेल. पण चिपिंग, वेदरिंग, स्पंज ही इंग्रजी खिचडी कशाला? चिपिंगला 'शकलन', वेदरिंगला 'जीर्णन' करा. 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' हे शब्दही कुणीतरी घडवलेलेच, आज कुणाला खटकतात?

कोरडा ब्रश
शकलन वाचून कुणी ब्रश उचलणार नाही, शब्दकोश उचलेल.

रापलेला
वेदरिंगला शब्द आहेतच, फक्त एक नाही. ऊन-वाऱ्याने 'रापतं', रंग 'विटतो', धूळ-तेलाने 'मळतं', पावसाचे 'ओघळ' येतात. इंग्रजीत एकाच टोपलीत टाकलेली चार कामं मराठीत आधीच वेगळी आहेत आणि टेबलावरही ती वेगळीच करायची असतात. विटवायला पांढऱ्यात कणभर पिवळट टाकून पॅनेलांच्या मध्यभागी पातळ फवारा. ओघळांना इनॅमल रंगाची बारीक उभी रेघ, दहा-पंधरा मिनिटांनी व्हाइट स्पिरिटने *जेमतेम* ओलावलेल्या ब्रशने वरून खाली ओढायची. ब्रश निथळता असेल तर रेघ पुसली जाते आणि कडेला कुंपणासारखा डाग उरतो.

ओली भिंत
'रापणे' माणसाच्या कातडीचं.

रापलेला
चिलखतही कातडीच. असो.

मापकरी
टवका की पोपडा, हे मापावर ठरवा. १/२० वर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्यात १ सेंटीमीटर. हा टवका. तोच ठिपका १/७२ च्या लढाऊ यानावर ३.६ सेंटीमीटर, १/१४४ वर ७.२. १/१४४ वर १ मिलिमीटर उडाला तर १४.४ सेंटीमीटरचा ढलपाच निघाला की! म्हणून लहान मापात हेअरस्प्रे जपून, जमल्यास स्पंजही सोडून 'तीन शून्य' नंबरच्या अगदी बारीक ब्रशने ठिपके.

शुद्धलेखक
'ढलपा' लाकडाचा. दगडाची 'कपची'. रंगाला ढलपा म्हणणं चूक.

मापकरी
कोशात एअरब्रशही नाही.

अर्धविराम
मूळ प्रश्न, कृपया. 'टवके' ठेवू का?

खपली
माझं मत 'खपली'. खाली जुनं, वर सुकलेलं, कडेने सुटणारं. आणि अडचण नेमकी खपलीचीच येते: काही बाटल्यांमधले ॲक्रिलिक रबरासारखी कातडी धरतात. टोचलं की ठिपका न निघता बोटभर पापुद्रा ओढत येतो. पाणी जास्त झालं तरी तेच. उलट पांढरा रंग लॅकर थिनरने पातळ केला तर तो हेअरस्प्रेच्या थराला चावून बसतो आणि घासूनही निघत नाही. रंग दोन-तीन दिवस तसाच ठेवला तरी कडक होतो.

दोन हात
'पापुद्रा' चांगला आठवलात! पोपडा, पापुद्रा, पापड सगळे संस्कृत 'पर्पट'चे वंशज असणार.

शुद्धलेखक
पापड मान्य. बाकी दोघांना नुसत्या 'प'वरून नातलग करू नका. उद्या 'टवका' आणि कान 'टवकारणे' भाऊ-भाऊ म्हणाल.

दोन हात
म्हणणारच होतो.

कोकणी हवा
एक व्यवहाराची भर. किनारपट्टीवर पावसाळ्यात हे वेळापत्रक कोलमडतं. हेअरस्प्रे वीस मिनिटांत वाळत नाही, चिकट राहतो आणि वरचा रंग तडकतो. दमट हवेत लॅकर क्लिअर मारला तर त्यावर दुधी झाक येते. बंद खोलीत आधी हवा कोरडी करा, किंवा त्या दिवशी लांबी भरा, पॉलिश पेपर मारा. टिपणात हे लिहाच.

मापकरी
आणि टवक्याच्या आत गंज दाखवायचा का, तेही लिहा. या मालिकेतली जमिनीवरची लढाई पृथ्वीवरची, तेव्हा गंज चालतो. कायम अंतराळात फिरणाऱ्या यानावर तांबूस डाग काढतात ते कशाला? तिथे ना हवा ना ओल. टवक्यात नुसता धातू किंवा प्रायमरचा रंग.

रापलेला
शिवाय गंज लोखंडाचाच. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते. तिला काय म्हणाल?

ओली भिंत
कळक?

शुद्धलेखक
कळकतं ते तांब्या-पितळेच्या भांड्यातलं ताक, कल्हई गेल्यावर. भांडं नव्हे.

खपली
मग 'कळकट' कुठून आला?

कोकणी हवा
भुकटीला 'खार' म्हणा. मिठाच्या पद्धतीतही तोच शब्द लागतो: वाळलेल्या तपकिरीवर पाणी लावून जाडं मीठ भुरभुरवून वाळवायचं, वर पांढरा मारायचा आणि मीठ खरडायचं. नंतर नीट धुतलं नाही तर खार फुटतो, तोही अगदी क्लिअरचा हात मारल्यावर.

अर्धविराम
म्हणजे टवके?

ओली भिंत
कळकटचं मी उद्या बघून सांगतो.