लघुपटांचं परीक्षण करताना पहिल्या दोन मिनिटांचा पगडा कसा टाळावा? सल्ला हवा आहे

पागोळी
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दादरच्या एका महाविद्यालयात दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन लघुपट स्पर्धा असते. सलग तिसऱ्या वर्षी मला प्राथमिक फेरीच्या परीक्षणाला बोलावलंय. यंदा ४३ लघुपट आलेत, प्रत्येकाला १२ मिनिटांची मर्यादा, आणि आम्हा तिघांना मिळून त्यातले १० निवडायचे आहेत. मानधन नाही, पण काम मी मनापासून करते. मुलं उसनवारी करून, परीक्षा सांभाळून फिल्म करतात हे डोळ्यांनी पाहिलंय.

अडचण अशी. मागच्या वर्षी एका लघुपटाला मी ४ गुण देऊन बाद केलं होतं. गेल्या महिन्यात पार्ल्याला मैत्रिणीकडे गेले, तेव्हा तिच्या मुलाने टीव्हीवर काहीतरी लावलं होतं. मी बसले तेव्हा तिसरं मिनिट चालू असावं. वसईहून पहाटेच्या गाडीने मोगरा घेऊन दादरच्या फुलबाजारात येणाऱ्या आजी-नातीची गोष्ट. शेवटी नात टोपली घेऊन पहिल्यांदा एकटी डब्यात चढते, तेव्हा मला रडू आलं. श्रेयनामावलीत कॉलेजचं नाव वाचलं आणि लक्षात आलं, हा तर मीच बाद केलेला लघुपट!

घरी येऊन जुना कागद काढला. त्यावर एकच ओळ होती: "गजर, पंखा, दात घासणं. तेच ते." म्हणजे मी दीड मिनिट फिल्म पाहिली आणि उरलेली साडेनऊ मिनिटं ते मत सांभाळत बसले. त्या मुलांना हे कधी कळणार नाही. मला मात्र तीन आठवडे झाले तरी ते सोडत नाहीये.

शनिवारपासून पुन्हा बसायचंय. सुरुवात पाहून मत होऊ नये यासाठी काय करता येईल? कुणी परीक्षण केलं असेल, फिल्म बनवत असेल किंवा नुसतं मन लावून पाहत असेल, सगळ्यांचंच ऐकायचंय.

वाचनमात्र
मंगळवार, सकाळी ८:०५

वाचनखूण साठवतोय. मी ऑफिसात मुलाखती घेतो, तिथेही हेच होतं.

अनवट
मंगळवार, सकाळी ९:५२

पागोळी, तुम्ही तो जुना कागद काढून पाहिलात, हेच पुष्कळ आहे. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं तिकडचं सांगते.

सॉलोमन अ‍ॅश यांनी १९४६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका अनोळखी माणसाचं वर्णन सहा शब्दांत: बुद्धिमान, मेहनती, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. एका गटाला याच क्रमाने वाचून दाखवलं, दुसऱ्या गटाला उलट्या क्रमाने. शब्द तेच, पण ज्यांनी 'बुद्धिमान' आधी ऐकलं त्यांचं त्या माणसाबद्दलचं मत बरंच चांगलं झालं. आधी आलेला शब्द नंतरच्यांचा अर्थ ठरवतो. बुद्धिमान माणसाचा हट्ट म्हणजे ठामपणा वाटतो, मत्सरी माणसाचा हट्ट म्हणजे खोड. तुमच्या बाबतीत तेच झालं असणार. 'तेच ते' असं एकदा ठरलं की पुढची शांत दृश्यं रटाळ वाटतात. सुरुवात आवडली असती तर तीच दृश्यं संयमी वाटली असती.

यावरचा उपाय मला डॅनियल कानेमन यांच्याकडून मिळाला. ते विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना एकेक पेपर सलग तपासायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की पहिल्या उत्तराला चांगले गुण दिले की दुसऱ्या उत्तरातल्या चुका आपण पोटात घालतो. मग त्यांनी पद्धत बदलली: आधी सगळ्यांचं पहिलं उत्तर तपासायचं, गुण आत लिहून ठेवायचे, आणि ते न पाहता सगळ्यांचं दुसरं. मी गेली काही वर्षं असेच पेपर तपासते. वेळ जास्त लागतो आणि मनाला त्रासही होतो, कारण एकाच मुलाच्या दोन उत्तरांना आपण किती वेगळे गुण देतो ते दिसतं.

फिल्म अशी तुकड्यांत पाहता येणार नाही, पण दोन गोष्टी करता येतील. गुण एकाच आकड्यात देऊ नका. कथा, अभिनय, ध्वनी, संकलन असे वेगळे रकाने करा आणि फिल्म संपेपर्यंत पेन उचलू नका. आणि तिघांनी ४३ फिल्म एकाच क्रमाने पाहू नका. एकाने पहिल्यापासून, दुसऱ्याने पंधराव्यापासून, तिसऱ्याने एकोणतिसाव्यापासून सुरू करा. सुरुवातीचा पगडा एका फिल्मच्या आत असतो तसा अख्ख्या दिवसाचाही असतो. सकाळी पाहिलेली पहिली फिल्म बाकीच्यांचं माप होऊन बसते.

कापाकापी
मंगळवार, दुपारी २:१५

मी संकलक आहे, अंधेरीला काम करतो. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच फिल्म दुरुस्तीला माझ्याकडे येतात, म्हणून एक आतली गोष्ट सांगतो.

त्यांची सुरुवात वाईट असते याचं मोठं कारण म्हणजे ती पहिल्या दिवशी शूट झालेली असते. पटकथेत पहिला सीन, म्हणून शूटिंगलाही पहिला! त्या दिवशी कॅमेरा धरणाऱ्याचा हात बसलेला नसतो, नटाला पात्र सापडलेलं नसतं, दिग्दर्शक घाबरलेला असतो. तिसऱ्या दिवसापर्यंत तीच मुलं सुंदर काम करायला लागतात, पण ते काम येतं सातव्या मिनिटाला. अनुभवी लोक सुरुवातीचा सीन मुद्दाम उशिरा शूट करतात.

त्यामुळे ताई, तुम्ही पहिल्या दोन मिनिटांवरून गुण देता तेव्हा त्या मुलांच्या सर्वांत कच्च्या दिवसाला गुण देत असता. कागदावर एक रकाना वाढवा: चौथ्या मिनिटानंतर हात सुधारला का? जिथे सुधारलाय, तिथे शिकणारं कुणीतरी आहे.

अजून एक. मोठ्या चित्रपटाचे नियम इथे लावू नका. अडीच तासांच्या चित्रपटात दोन मिनिटं म्हणजे पंचाहत्तरावा भाग, १२ मिनिटांच्या फिल्ममध्ये सहावा. तेवढा भाग गजर आणि दात घासण्यात गेला तर प्रेक्षक चिडणारच. तुमची चिडचिड अगदीच चुकीची नव्हती, तिने पुढचं सगळं झाकलं हे चुकलं.

लालबागचा_प्रेक्षक
मंगळवार, रात्री १०:३०

मोठा प्रतिसाद आहे, आधीच क्षमस्व. माझं मत वरच्या दोघांपेक्षा वेगळं आहे.

मी लालबागच्या भारतमाता थिएटरला चित्रपट बघत वाढलो. तेव्हा मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचं वार्तापत्र असायचं, मग जाहिराती. उशिरा येणारी माणसं तेवढ्यात बॅटरीच्या उजेडात आपापल्या खुर्चीवर बसायची. पडद्यावर पहिलं दृश्य यायचं तेव्हा थिएटर शांत झालेलं असायचं. मिनर्व्हाला 'शोले' पाहिला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, १९७५ साल. एक गाडी छोट्याशा स्टेशनात येते, एक माणूस उतरतो, आणि मग दोन घोडेस्वार कितीतरी वेळ माळरानातून, वस्तीतून जात राहतात. वर नावं, खाली आर. डी. बर्मनचं संगीत. कुणी बोलत नाही. तेवढ्या वेळात ते गाव, ते खडक, ते अंतर आपल्या अंगात भिनतं. पुढे त्या खडकांत गोळ्या चालतात तेव्हा तो मुलूख आपल्या ओळखीचा असतो.

सुरुवात म्हणजे दिग्दर्शकाने दिलेला शब्द असतो, असं मी मानतो. हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको' लावला तेव्हा चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियमच थिएटरांना घातला. 'फँड्री'त जब्या सुरुवातीला गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे रानात फिरत असतो. तेव्हा तो एका पोराचा खेळ वाटतो. शेवटी त्याच हातातला दगड सरळ आपल्याकडे येतो. तो पहिला हात पाहिला नसेल तर शेवटचा दगड निम्माच लागतो.

म्हणून माझा सल्ला: सुरुवातीचा पगडा टाळू नका, तिचा निकाल उशिरा लावा. शेवट झाला की मागे जाऊन पहिली दोन मिनिटं पुन्हा बघा, आणि मगच सुरुवातीला गुण द्या. 'अंधाधुन'ची सुरुवात आठवा: कोबीचं शेत, ससा, बंदूकवाला. पहिल्यांदा पाहताना हे काय चाललंय कळत नाही. चित्रपट संपल्यावर तेच बघा. शेवट सांगत नाही, न पाहिलेले असतील कुणी.

पागोळी
बुधवार, सकाळी ७:२०

काका, हे फार पटलं. एक शंका मात्र आहे. सुरुवातीने दिलेला शब्द चित्रपट मुद्दाम मोडतो तेव्हा काय करायचं? 'कोर्ट'मध्ये आधी शाहीर नारायण कांबळे मुलांची शिकवणी घेताना दिसतात, मग बसने जातात, मंचावर गातात, पोलीस येतात. मी मनात धरून बसले की ही त्यांची गोष्ट. मग चित्रपट वकिलांच्या घरी जातो, आणि शेवट तर सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांवर होतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं.

लालबागचा_प्रेक्षक
बुधवार, सकाळी ७:५५

फसवल्यासारखं वाटलं तेच त्या चित्रपटाचं म्हणणं आहे की! ज्याचं आयुष्य पणाला लागलंय, तोच माणूस खटल्यात दिसेनासा होतो. तुम्हाला कांबळे हवेहवेसे वाटले ते त्या शिकवणीमुळे. ती सुरुवात काढा, मग त्यांचं नसणं जाणवणारच नाही. इथे सुरुवातीचा पगडाच कामाला लावलाय.

विद्यार्थ्याने असं काही केलं असेल तर ते दुसऱ्यांदा पाहताना कळेल. गोंधळ असेल तर तोही कळेल.

स्वरांत
बुधवार, दुपारी १:१०

ध्वनीकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहिते. पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षकाचं जे मत होतं, त्यात आवाजाचा वाटा फार मोठा असतो. चित्र थोडं धूसर असलं तर माणसं सोसतात, संवादामागे पंख्याची घरघर आली की मनातल्या मनात फिल्म 'हौशी' ठरते. आणि मग पुढे सगळंच हौशी दिसायला लागतं, अभिनयसुद्धा.

तुमच्या लॅपटॉपचे स्पीकर आधी बाजूला ठेवा, चांगला हेडफोन लावा. नाहीतर तुमच्या यंत्राचा दोष मुलांच्या माथी जाईल. आणि ध्वनीचा रकाना सगळ्यात शेवटी भरा. मीही एका स्पर्धेत आधी भरायचे, तेव्हा तो आकडा बाकीच्या रकान्यांत झिरपायचा.

दुसरं_वर्ष
बुधवार, रात्री ११:५८

मी यंदा एका स्पर्धेत फिल्म देणार आहे. (कुठली ते सांगत नाही, पागोळीताईंची असेल तर बरोबर दिसणार नाही.) आमची सुरुवात गजरानेच आहे. काढून टाकू का? ड्रोनने घेतलेला वरळी सी-लिंकचा शॉट आहे आमच्याकडे, तो टाकायचा विचार चाललाय.

कापाकापी
गुरुवार, सकाळी १०:४०

ड्रोन नको रे. सी-लिंकचा तुमच्या गोष्टीशी काय संबंध? तुमच्या फिल्ममधलं असं दृश्य शोध की जे दुसऱ्या कुणाच्या फिल्ममध्ये असूच शकत नाही. ते पुढे आणता येतं का बघ. गजर ठेवायचा असेल तर त्यातून काहीतरी कळलं पाहिजे. कोण उठतंय, कशासाठी, उठायची इच्छा आहे की नाही. नुसती सकाळ झाली हे सांगायला गजर लागत नाही.

आणि एक दिवस मिळत असेल तर सुरुवात पुन्हा शूट करा. आता तुमचा हात बसलाय.

दुसरं_वर्ष
गुरुवार, सकाळी १०:५२

दादा, रविवारी करतोय.

अनवट
गुरुवार, दुपारी ४:००

एक भर घालते. उलटही होतं, हे विसरू नका. 'अप' या अ‍ॅनिमेशनपटात सुरुवातीलाच एका जोडप्याचं सगळं आयुष्य चार-एक मिनिटांत, एकही शब्द न बोलता येऊन जातं. माझ्या वर्गातल्या मुलांना त्या चित्रपटाबद्दल विचारलं तर बहुतेक जण तेवढंच सांगतात. बाकी आवडला का विचारलं की थांबतात, मग "हो, आवडला" म्हणतात. चांगल्या सुरुवातीची पुण्याई पुढच्या साध्या भागालाही मिळते. पागोळी, ज्या फिल्मला तुम्ही सुरुवातीलाच मनात ९ द्याल, ती एक दिवस बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी न बघता तिची गोष्ट घरच्या कुणाला तरी सांगून पाहा.

पागोळी
रविवार, रात्री १०:१५

शनिवारी आणि आज मिळून २२ फिल्म झाल्या. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत त्यातलं काय काय केलं ते सांगते.

तिघांनी वेगवेगळ्या क्रमांकांपासून सुरुवात केली. पेन हॉलबाहेरच ठेवलं, फिल्म संपल्यावर आत आणलं. हेडफोन लावले. चौथ्या मिनिटानंतरच्या सुधारणेचा रकाना केला, आणि २२ पैकी ९ फिल्मच्या समोर तिथे खूण झाली. कापाकापी, हे तुमच्यामुळे दिसलं. अनवट, ९ वाली फिल्मही निघाली. भुयारी मार्गातली गर्दी आणि त्यात उलट्या दिशेने चालणारा एक म्हातारा, अप्रतिम पहिला शॉट. आज सकाळी भावाला गोष्ट सांगायला बसले, तर त्या शॉटपुढे मला काहीच सांगता येईना. तिला कथेत ५ दिले, छायाचित्रणात ९ च ठेवले.

प्रत्येक फिल्मची सुरुवात पुन्हा बघायला वेळ लागला, दोन दिवसांत सगळं संपवायचं होतं ते जमलं नाही. आयोजकांकडे अजून एक रविवार मागितला, त्यांनी दिला.

आणि काका, परवा रात्री मी मागच्या वर्षीची ती मोगऱ्याची फिल्मही काढली. शेवट पाहून झाला होता, म्हणून तुमच्या सांगण्याप्रमाणे सुरुवात लावली. गजर वाजतो तेव्हा घड्याळ पूर्ण दिसतं. तीन वाजून दहा मिनिटं झालेली असतात. नात चटकन हात घालून तो बंद करते आणि अंधारातच दात घासते, दिवा लावत नाही, कारण आजी अजून झोपलीये आणि तिला आणखी पाच मिनिटं झोपू द्यायचंय. पंख्याचा शॉट आजीच्या डोक्यावरचा आहे. शेवटी जी मुलगी एकटी गाडीत चढते, ती तिथे पहिल्या मिनिटापासून होती.

स्पर्धेच्या कार्यालयाकडून त्या गटाचा पत्ता मागवलाय. मिळाला की त्यांना हे सगळं कळवणार आहे, माझ्या जुन्या कागदासकट.