सुझुकी कपलिंग काळं पडतंय, विषय बदलू का?

प्रश्न: ऑर्गॅनोमेटॅलिकमध्ये (कार्बन-धातू संयुगांच्या रसायनात) पीएचडीचं दुसरं वर्ष. सुझुकी कपलिंग, म्हणजे पॅलॅडियम उत्प्रेरकाने दोन कार्बनी रेणू जोडायची अभिक्रिया, लावली की तासाभरात फ्लास्कच्या काचेवर काळा थर बसतो, यील्ड (हाती येणारं उत्पादन) जेमतेम १२ टक्के. वैताग आलाय.

उत्तर: तो थर म्हणजे पॅलॅडियम धातूच. लिगँड (पॅलॅडियमला धरून ठेवणारा रेणू) सुटला की पॅलॅडियमचे अणू एकमेकांना चिकटतात. टेट्राकिसची (तुझ्या पॅलॅडियम उत्प्रेरकाची) बाटली बघ: ताजा असेल तर पिवळाधमक, हिरवट-तपकिरी झाला असेल तर हवा लागलीय. आणि सॉल्व्हंट डीगॅस केलंस का, म्हणजे त्यात विरघळलेला ऑक्सिजन काढलास का?

प्रश्नकर्ता: वर नायट्रोजनचा फुगा लावला होता.

उत्तर: फुगा म्हणजे डीगॅस नव्हे, बाबा! अर्धा तास द्रवात नायट्रोजनचे बुडबुडे सोड, बेसच्या (अल्कलीच्या) पाण्यातही. माझी पहिली दोन वर्षं श्लेंक लाइनच्या (हवा लागू न देता काम करायच्या काचेच्या उपकरणाच्या) नळांना ग्रीस लावण्यातच गेली.

दुसरं उत्तर: विषय सोडू नकोस. २०१० चं नोबेल याच कपलिंगना मिळालं. औषध कंपन्या ती रोज वापरतात.