मल्टिफ्युएल स्टोव्हमध्ये पेट्रोल घालणं हा निव्वळ आळस आहे

बर्डीचा_सायकलवाला

डिसेंबरात आम्ही सहा जण नागपूरहून सायकलने छिंदवाड्यावरून पचमढीला जातोय. तंबू, भांडी, डाळ-तांदूळ सगळं ठरलं, अडलंय ते इंधनावर. माझ्याकडे प्रायमसचा ओम्निफ्युएल स्टोव्ह आहे. गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल, जे द्याल ते पितो. टोळीतले पाचही जण म्हणतात पेट्रोल घे, पंप कुठेही सापडतो. रॉकेलवाला मी एकटा. म्हणून इथे मांडतोय, आणि शीर्षक मुद्दाम चिडवणारं दिलंय.

पेट्रोलला भडकायला निमित्त लागत नाही. उणे चाळीस अंशांच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेटते. बाटलीला पंप मारताना चार थेंब गळले तर रॉकेलचा डाग पडतो, पेट्रोलची आग होते. शिवाय पंपावर मिळतं ते इंजिनासाठी केलेलं असतं. त्यात इंजिन साफ ठेवणारी रसायनं असतात, थोडं बेंझिन असतं आणि आता २० टक्के इथेनॉल. ज्या नळीत इंधन तापून त्याची वाफ होते तिथे हा मळ चिकटून बसतो. इथेनॉलमुळे उष्णताही घटते. रॉकेलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ मेगाज्यूल, या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये (ई२०) तीसच्या आसपास. सहा जणांचा चहा, खिचडी, पुन्हा चहा असा तीन दिवसांचा हिशेब मांडा, म्हणजे फरक कळेल.

आणखी एक कारण आहे, ते भावनिक आहे हे आधीच कबूल करतो. महालातल्या आमच्या जुन्या घरी आजीचा पितळी स्टोव्ह होता. वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं, बर्नर तापेस्तोवर थांबायचं, मग पंप. मध्येच जीव गुदमरल्यासारखा आवाज आला की पिन मारायची. आजी ते डोळे मिटून करायची. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ मध्ये प्रायमस काढला तो रॉकेलसाठीच. १९५३ ला हिलरीने एव्हरेस्टच्या शेवटच्या चढाईच्या सकाळी गोठलेले बूट शेकले तेही प्रायमसवर. एवढा वारसा सोडून आपण पंपासमोर रांग का लावायची?

तर्री_जास्त

भाऊ, तुझं सगळं बराबर, पण रॉकेल भेटते कुठं ते तर सांग! मागच्या दिवाळीपासून शोधून राहिलो मी. रेशनवाला हसला, म्हणे काका, आता कोन नेते मातीचं तेल? इतवारीत एक जण म्हणे रंगवाल्याकडं जा. तिथं टर्पेंटाइन भेटलं. दुसऱ्या दुकानवाल्यानं थिनर काढून दिलं, म्हणे हे बी जळते. अबे, जळते तर चप्पल बी!

तू इथं मेगाज्यूल मोजून राहिला, आमाले थेंब भेटत नाही. तुझ्या आजीच्या काळात तेल दारावर येत होतं, म्हणून स्टोव्ह गोड लागत होता.

जुनं_कार्ब्युरेटर

शीर्षकाला माझा पूर्ण विरोध. इंधन निवडताना पहिला प्रश्न असा असतो की संपलं तर उद्या सकाळी कुठे मिळेल. पेट्रोल मिळतं. विषय संपला असता, पण थोडं सविस्तर लिहितो, कारण 'पंपावर बाटलीत देत नाहीत' हे कोणीतरी म्हणणारच.

बाटलीत देत नाहीत हे खरंय. मागच्या उन्हाळ्यात एका पंपावर मी स्टोव्हची ॲल्युमिनियमची बाटली पुढे केली. पोराने मान हलवली, मॅनेजरने वर लेक्चर दिलं. आता कायदा बघा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं. भांडं घट्ट बुचाचं हवं. काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर पंचवीसपर्यंत. प्लास्टिकचं नावच नाही त्यात. म्हणजे आपली बाटली कायद्यात बसते, पण त्या पोराशी वाद घालून उपयोग नाही. त्याला त्याची नोकरी आहे.

म्हणून मी गाडीतून काढतो. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बाइकला टाकीखाली कॉक असतो. नळी काढा, बाटली धरा, कॉक फिरवा. दोन मिनिटांत अर्धा लिटर. इंजिन थंड पाहिजे आणि आसपास बिडी पिणारा नको, एवढंच. २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांत हे जमत नाही. म्हणून जुनी गाडी विकायची नसते, असं मी घरी कधीचा सांगतोय.

इथेनॉलचं म्हणाल तर बाटली बंद असेल तर त्यात पाणी कुठून शिरणार? महिनाभर ठेवून वापरलंय. नळी वर्षातून एकदा उघडून साफ करतो. तुमचं रॉकेल काय काजळी धरत नाही?

बर्डीचा_सायकलवाला

कार्ब्युरेटर साहेब, युक्ती झकास. पण आम्ही सायकलवर आहोत. टाकी कुठून आणू?

एलआयटीचा_माजी

रंग आणि इंधनाच्या धंद्यात वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो.

आधी तर्रीभाऊंना: थिनर स्टोव्हमध्ये कधीही नको. त्यात टोल्युइन, ॲसिटोन असे पदार्थ असतात. स्टोव्हचे रबरी वॉशर ते खाऊन टाकतात आणि मग गळती ऐन ज्योतीपाशी होते. वाफाही विषारी. मिनरल टर्पेंटाइनचं वेगळं, ते रॉकेलच्या जवळचं. बर्नर नीट तापला तर जळतं, पण काजळी जास्त धरतं आणि वास भांड्याला लागतो. अडल्यावर ठीक, नेहमीसाठी नाही.

आता धागाकर्त्यांना. रॉकेल सुरक्षित हे तुम्ही पुस्तकातून सांगताय, नागपुरातून नाही. आपल्या मानकांनुसार रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. त्या तापमानाला त्यावर इतकी वाफ जमते की ठिणगीने पेट घ्यावी. नागपूरचा मे महिना आठवा. पारा ४५ च्या वर, आणि उन्हात ठेवलेली बाटली त्याहून गरम. त्या दुपारी तुमचं रॉकेल आधीच पेट घ्यायच्या स्थितीत आहे. ते पेट्रोलइतकं उडत नाही हे बरोबर, पण 'डाग पडतो' म्हणून निर्धास्त राहायची सोय फक्त थंडीत आहे.

डिसेंबरात पचमढीला उलटी अडचण. पहाटेच्या गारठ्यात रॉकेल आळशी होतं, वाफ धरायला वेळ लावतं. आजीने वाटीत स्पिरिट ओतलं ते उगाच नव्हे. रॉकेलनेच बर्नर तापवायला गेलात तर पाच मिनिटं पिवळी ज्योत, धूर आणि काळं भांडं. रॉकेल न्यायचं तर स्पिरिटची छोटी बाटली वेगळी न्यावीच लागते. म्हणजे इंधनं झाली दोन. पेट्रोल स्वतःच स्वतःला तापवतं.

आणि जेट, म्हणजे इंधनाची वाफ ज्या बारीक भोकातून बर्नरमध्ये येते तो भाग! याबद्दल इथे कोणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. तुमच्या ओम्निफ्युएलला पेट्रोलसाठी ०.३७ मिलिमीटरचा आणि रॉकेलसाठी ०.२८ चा जेट लागतो. रॉकेल जड, त्यात कार्बन जास्त, म्हणून भोक बारीक. ०.३७ ठेवून रॉकेल भरलं की इंधन जास्त आणि हवा कमी पडते. आमच्या ओळखीच्या एकाने चिखलदऱ्याला हेच केलं. भातापेक्षा पातेलं काळं झालं आणि तो रात्रभर कंपनीला शिव्या घालत बसला.

गॅसवाली_गिरिजा

तुम्ही सगळे जण उगाच हात काळे करताय. त्याच स्टोव्हला ०.४५ चा जेट लावा, गॅसचा छोटा डबा म्हणजे कॅनिस्टर जोडा, काडी ओढा, झालं. जेट पुसायला नको, स्पिरिट नको, पंप नको. पचमढीत असा किती गारठा पडणार? नुसतं ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ द्यायचं थांबवतं, पण कॅनिस्टरमध्ये आयसोब्यूटेन आणि प्रोपेनही असतं. आपल्याकडच्या थंडीत अडचण येत नाही.

तर्री_जास्त

गिरिजाताई, कॅनिस्टर संपला तर छिंदवाड्यात कोन भरून देते? आन् मे मधी गाडीच्या डिक्कीत ठेवला तर? डब्यावरच लिहून असते, पन्नास अंशांच्या वर नेऊ नका. नागपूरच्या पार्किंगमधली डिक्की म्हंजे काय समजून राहिल्या तुमी?

गॅसवाली_गिरिजा

मी मे मध्ये कॅम्पिंगला जातच नाही हो. मी शहाणी आहे.

पिपरियाची_गाडी

परत कसे येणार? पचमढीहून पिपरियाला उतरून रेल्वेने येणार असाल तर उरलेलं इंधन आधी विल्हेवाटीला लावा. रेल्वेत ज्वलनशील माल नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गॅसचा कॅनिस्टरही त्यातच आला, गिरिजाताई. बाटली रिकामी करून, दोन दिवस उघडी ठेवून वास जाऊ द्या, मग पिशवीत.

इथे मला पेट्रोलवाल्यांचा मुद्दा पटतो. उरलेलं पेट्रोल पिपरियात कुणाच्याही स्कूटरमध्ये ओतता येतं, वर चहा मिळतो. उरलेलं रॉकेल आज कोण घेणार?

नागझिऱ्याकाठचा

कुठलं इंधन ते तुमचं तुम्ही ठरवा, कुठे पेटवता ते मी बघतो. अभयारण्यात धोका होईल अशी आग पेटवणं वन्यजीव कायद्याच्या कलम ३० खाली गुन्हा आहे आणि फेब्रुवारी ते जून आमची माणसं रात्रंदिवस वणव्यामागे धावत असतात. सागाच्या वाळलेल्या पानांवर स्टोव्ह ठेवून 'मी लाकूड जाळत नाही' म्हणणारे शहरी लोक मी पाहिलेत. पचमढीच्या आसपासही व्याघ्र प्रकल्प आहे. मुक्काम गावात किंवा ढाब्यामागे करा. आणि तंबूच्या आत कुठलाच स्टोव्ह नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बर्डीचा_सायकलवाला

जेटचा मुद्दा माझ्याकडून राहिला, आणि मेच्या फ्लॅश पॉइंटचा तर मला माहीतच नव्हता. मे मध्ये मी पेटवायचोच सकाळी, म्हणून अनुभव आला नसावा. माजी साहेब, आभार. 'निव्वळ आळस' मागे घेतो. 'अर्धवट आळस' म्हणू या.

पण डिसेंबरसाठी माझं मत तेच. स्पिरिटची शंभर मिलिलिटरची बाटली कुणाला जड होणार आहे? सहा जणांत रात्री स्टोव्हपाशी दोघे दमलेले असतील आणि एक जण नक्की पडेल. तो पेट्रोलच्या बाटलीवर पडू नये. पिपरियाच्या उरलेल्या इंधनाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मोजूनच नेतो: सहा जणांना दिवसाला अर्धा लिटर, तीन दिवस. शेवटच्या सकाळी चहा जास्त होईल, दुसरं काय.

आता राहिला तर्रीभाऊंचा प्रश्न, आणि तो खरा प्रश्न आहे. दीड लिटर रॉकेल. आजीच्या माळ्यावरच्या डब्यात थोडं आहे, पण ते मी लहान असताना भरलेलं.

एलआयटीचा_माजी

ते गाळून घ्या. आधी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. तळाला पाणी किंवा गंज दिसला तर वरचंच घ्या. गढूळ असेल तर स्टोव्हमध्ये घालू नका, सायकलची साखळी धुवा.

जुनं_कार्ब्युरेटर

मी काय म्हणतो, मी मागून बाइकवर येतो. सामानही माझ्याकडे टाका. कॉक आहेच.

बर्डीचा_सायकलवाला

या. पण ०.३७ चा जेट तुम्ही आणायचा. माझा घरी राहील.